पन्नासाऐवजी पाचशे पिल्ले

आपल्या बाजारात जिला सर्रास ‘बॉयलर’ म्हणतात, त्या ब्रॉयलर कोंबडीच्या धंद्याचा उगम शोधू जाता आम्ही एका गृहिणीच्या परसात जाऊन पोहोचलो. अमेरिकेतील डेलावेअर राज्यातल्या ओशन व्ह्यू गावी सेसिल स्टील नावाच्या बाई राहत. पती विल्मर तटरक्षक दलात नोकरीला. बाई घरखर्चाला हातभार म्हणून अंड्यांसाठी थोड्या कोंबड्या पाळीत. १९२३ साली त्यांनी ५० पिल्ले मागविली. उबवणी केंद्राच्या चुकीने आली ५००.

त्या काळी कोंबडीचे मांस ही अंड्यांच्या व्यवसायातील दुय्यम वस्तू होती. नको असलेले नर आणि अंडी देण्याचे थांबलेल्या माद्या, एवढेच काय ते खाटकाकडे जाई. बाईंनी पिल्ले परत धाडली नाहीत. १८ आठवड्यांनी त्यांतली ३८७ जगली होती. एकेकीचे वजन जेमतेम दोन पौंड, म्हणजे किलोभरही नाही. ती पौंडाला ६२ सेंट भावाने विकली गेली. तेव्हाच्या मानाने हा दर घसघशीत! पुढच्या वर्षी बाईंनी १,००० पिल्ले घेतली आणि लवकरच विल्मरनेही नोकरी सोडली. शेजारीपाजारी पाहून शिकले. सोळा फूट लांब व तितकेच रुंद असे त्यांचे एक खुराडे १९७४ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या नोंदवहीत दाखल झाले. खुराड्याला असा मान क्वचितच लाभतो.

परंतु ह्या यशातच परसातल्या कोंबडीपालनाचा ऱ्हास दडलेला होता. १९४८ साली ‘उद्याची कोंबडी’ ही राष्ट्रीय स्पर्धा डेलावेअरमध्येच पार पडली. तिला एका किराणा साखळीने पाठबळ दिले होते आणि तीत रुंद छातीच्या, झपाट्याने वाढणाऱ्या संकरित पक्ष्याची सरशी झाली. त्यानंतर उबवणी, खाद्य आणि कत्तल ही तिन्ही कामे एकाच कंपनीच्या हाती एकवटत गेली. आज दोन किलोंचा पक्षी सहा आठवड्यांच्या आतबाहेर तयार होतो.

महाराष्ट्रातही हाच करार रूढ झाला आहे. पिल्ले, खाद्य व औषधे कंपनीची. शेड, वीज, पाणी व राखण शेतकऱ्याची. त्याला मिळते ती किलोमागे ठरलेली पालनमजुरी. सेसिलबाईंनी किती पिल्ले ठेवायची, केव्हा विकायची हे स्वतः ठरविले होते. करारातल्या शेडमध्ये पक्षी केव्हा उचलायचे ते कंपनी ठरविते. गावठी कोंबडी आणि तिची अंडी विकून घरातल्या बाईच्या हाती जो स्वतःचा पैसा येई, त्याचा रकाना ह्या हिशेबात आम्हांला कोठे आढळला नाही.