पुन्हा पहिल्या पडद्यापाशी

गेल्या पावसाळ्यात माणिकपुरातील आमच्या घराच्या माळ्यावरून एक जुनी गिटार खाली आली. कॉलेजच्या दिवसांत आम्ही ती मोठ्या हौसेने छेडीत असू. पुढे अध्यापनाच्या व्यापात तीस वर्षे ती पेटीत पडून राहिली. नव्या तारा चढवून वाजवू गेलो, तो एकही स्वर स्वच्छ निघेना. शेजारचा एक तरुण शिक्षक म्हणाला, "सर, दोष विसरण्याचा नाही, सवयीचा आहे." बोट पडद्याच्या अगदी लगत टेकावयाचे, ते आम्ही दोन पडद्यांच्या मध्यावर दाबीत होतो. त्याने मिनिटास पन्नास ठोक्यांच्या लयीत चार बोटे चार पडद्यांवर क्रमाने टेकविण्याचा पाठ दिला. पन्नाशी उलटलेल्या प्राध्यापकास हा पाठ मानहानीचा वाटला, हे कबूल केले पाहिजे; आणि मनाचे समाधान आम्ही नित्याप्रमाणे इतिहासात शोधू लागलो.

आरंभी वाटले, हे वाद्य तर आमच्या भूमीच्या अंगवळणी पडलेले. वसईवर 1534 पासून 1739 पर्यंत, म्हणजे चिमाजी अप्पांच्या विजयापर्यंत, पोर्तुगीजांचा अंमल होता. पण हा अभिमान टिकला नाही. त्या काळच्या गिटारीस तारांच्या जोड्या असत व तिचा आकारही लहान असे. सहा सुट्या तारांची गिटार रूढ झाली ती अठराव्या शतकाच्या अखेरीस व एकोणिसाव्याच्या आरंभी. तोवर किल्ल्यावरचे पोर्तुगीज निशाण उतरून बराच काळ लोटला होता. वारसा म्हणून बोटांस काही आयते मिळणार नव्हते.

मग आठवला जँगो राइनहार्ट. पॅरिसजवळ भटक्या लोकांच्या गाड्यांच्या वस्तीत राहणाऱ्या या तरुण वादकाचा डावा हात 1928 साली आगीत भाजला आणि करंगळी व अनामिका जवळजवळ निकामी झाल्या. दीर्घ आजारपणात त्याने उरलेल्या दोन बोटांसाठी वादनाची नवी रीत बसविली. पूर्वीची रीत त्यास परत मिळाली नाही. परंतु पुढे जगाने वाखाणले ते या नव्या रीतीचे वादन.

आमच्या घरच्या संगीतात याहूनही बोलके उदाहरण आहे. उस्ताद अल्लादियाखाँ (1855-1946) तरुणपणी आमलेटा येथील दरबारी असता अतिगायनाने त्यांचा आवाज बिघडला. गवयाचा आवाज जाणे म्हणजे लेखकाचा हात जाणे. काही काळाने गळा पुन्हा चालू लागला, पण पहिली फिरत त्यात राहिली नव्हती. तेव्हा त्यांनी त्या गळ्यास साजेल अशी गायकी स्वतः घडविली, असे संगीताचे जाणकार सांगत आले आहेत. कोल्हापुरी शाहू महाराजांच्या आश्रयास हीच गायकी नांदली व जयपूर घराण्याच्या नावाने महाराष्ट्रात रुजली.

आणि ज्याने स्वतः पुन्हा आरंभ केला, त्याच्यापाशी पुन्हा आरंभ करावयास केसरबाई केरकर गेल्या. अब्दुल करीमखाँ, रामकृष्णबुवा वझे, भास्करबुवा बखले अशा थोरांची तालीम त्यांस आधी मिळाली होती. तरी 1921 च्या सुमारास, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, त्या खाँसाहेबांच्या शिष्या झाल्या. पुढे कीर्ती चोहोकडे पसरली, तरी हे शिक्षण खाँसाहेबांच्या निधनापर्यंत चालूच राहिले.

या तिघांच्या पंक्तीस बसण्याची आमची पात्रता नाही, हे वाचकांस सांगावयास नकोच. परंतु त्यांच्या चरित्रांवरून आमची एक चूक उमगली. आम्ही तीस वर्षांपूर्वीचा हात परत मागत होतो. पुन्हा शिकणे म्हणजे गेलेले परत मिळविणे नव्हे. आज जो हात आहे त्यास काय साधेल हे धीराने पाहणे होय. आणि ते संथ लयीतच दिसते, कारण द्रुत लयीत चूक लपते, व लपलेली चूकच बोटे पाठ करितात.

हल्ली पहाटे, वसई रोडच्या गाड्यांची धडधड वाढण्यापूर्वी, आम्ही चार पडद्यांवर चार बोटे टेकवितो. काल प्रथमच चारही स्वर खरखर न होता उमटले. ठोके अजून पन्नासच आहेत.