हा पट्टा कोणाच्या गुडघ्यासाठी?

दर रविवारी सकाळी आम्ही चौघे टेनिस खेळतो. चौघांच्या वयाची बेरीज सव्वादोनशेच्या पुढे जाते. पूर्वी आमचं कोर्ट मातीचं होतं. काही वर्षांपूर्वी ते सिमेंटचं झालं. मी कविता लिहितो आणि बॅकहँड वाईट खेळतो. दोन्हीची आता गावाला सवय झाली आहे. गेल्या हिवाळ्यात नेटजवळ पडलेला चेंडू घ्यायला मी धावलो, एकदम थांबलो आणि उजव्या गुडघ्याच्या वाटीमागे कळ उठली. चेंडू गेला, कळ राहिली.

मित्रहो, गुडघ्याची खरी परीक्षा कोर्टावर होत नाही. माझी झाली ती नमाजात, सजद्यातून उठताना. आमच्या मशिदीत हल्ली रांगेच्या टोकाला खुर्च्या ठेवलेल्या असतात. ज्यांना खाली बसवत नाही त्यांच्यासाठी. माझं लक्ष त्या खुर्च्यांकडे जायला लागलं. पन्नाशी ओलांडली हे कबूल, पण इतक्यात मला खुर्ची नको होती आणि रॅकेटही सोडायची नव्हती. म्हणून एका संध्याकाळी पट्टा आणायला दुकानात गेलो.

दुकानदाराने काउंटरवर डबेच मांडले. साधी नी-कॅप, वाटीच्या जागी भोक असलेली नी-कॅप, वाटीखाली बांधायची अरुंद पट्टी आणि दोन्ही बाजूंना बिजागऱ्या असलेला लोखंडी थाटाचा ब्रेस. ‘‘खेळणार आहात ना? मग हाच घ्या, एकदम मजबूत,’’ असं म्हणून त्याने बिजागरीवाला पुढे सरकवला. माझ्याही मनात होतं की दुखणं मोठं, तर पट्टाही मोठा हवा. साडेतीन हजार मोजले. पुढच्या रविवारी तो बांधून कोर्टावर उतरलो, तेव्हा माझा जोडीदार म्हणाला, ‘‘कविराज, टेनिसला आलात की लढाईला?’’ दोन गेममध्ये पट्टा घसरून पोटरीवर आला. कळ होती तिथेच होती.

बी.ए.ला माझा विषय इतिहास होता. एखादी वस्तू कामाची ठरली नाही, की ती कुठून आली हे शोधायची खोड तेव्हापासूनची. त्या डब्यातल्या पट्ट्याच्या मागे लागलो आणि एक साधी गोष्ट कळली. दुकानातल्या प्रत्येक पट्ट्यामागे एक वेगळा गुडघा आहे, एक वेगळं दुखणं आहे.

सुरुवात रबरापासून करू. १८४४ मध्ये अमेरिकेत चार्ल्स गुडइयरने गंधक वापरून रबर टिकाऊ करण्याच्या कृतीचं पेटंट घेतलं. रबराचा चेंडू गवतावरही चांगली उसळी घेतो, म्हणून बंद दालनात खेळला जाणारा जुना टेनिस हिरवळीवर येऊ शकला. मेजर वॉल्टर विंगफिल्डने १८७४ मध्ये या नव्या खेळाचं पेटंट घेतलं आणि १८७७ मध्ये पहिलं विम्बल्डन झालं. गवत मऊ असतं, त्यावर पाय थोडा सरकतो. त्या काळच्या गुडघ्यांवर ती एक मेहेरबानीच होती.

त्याच सुमारास लिव्हरपूलमध्ये ह्यू ओवेन थॉमस नावाचे डॉक्टर होते. मूळचे वेल्सचे; घराणं हाडं बसवणाऱ्यांचं, आपल्याकडच्या हाडवैद्यांसारखं. त्यांच्यासमोर येत ते क्षयाने सडलेले गुडघे. त्यावर त्यांचा उपाय एकच होता, संपूर्ण विश्रांती. १८७५ मध्ये त्यांनी आपल्या ‘थॉमस स्प्लिंट’ची माहिती प्रसिद्ध केली. मांडीच्या मुळाशी एक कडं आणि पायाच्या दोन्ही बाजूंनी लोखंडी सळ्या. पहिल्या महायुद्धात त्यांचे भाचे रॉबर्ट जोन्स यांनी तीच चौकट मांडीचं हाड मोडलेल्या सैनिकांसाठी वापरात आणली आणि अनेकांचे जीव वाचले. तो पट्टा गुडघा हलू नये म्हणून होता.

खेळाडूची गरज वेगळी. त्याला गुडघा हलायला हवा, फक्त भलतीकडे वळायला नको. ही अडचण न्यूयॉर्कच्या लेनॉक्स हिल रुग्णालयात सुटली. जो नेमथ हा अमेरिकन फुटबॉलचा, म्हणजे अंडाकृती चेंडूच्या त्या धसमुसळ्या खेळाचा, मोठा खेळाडू. १९६५ मध्ये व्यावसायिक खेळात पाऊल टाकतानाच त्याच्या गुडघ्यावर डॉ. जेम्स निकोलस यांना शस्त्रक्रिया करावी लागली. पुढे निकोलस आणि पट्टे बनवणारे जॅक कास्टिग्लिया यांनी त्याच्यासाठी ब्रेस घडवला. बिजागरीमुळे गुडघा वाकायचा, पण आतल्या आत पिळला जायचा नाही. ‘लेनॉक्स हिल ब्रेस’ म्हणून तो प्रसिद्ध झाला. मी साडेतीन हजारांना आणलेला पट्टा याच घराण्यातला. तो होता लिगामेंट फाटलेल्या, अंगावर माणसं झेलणाऱ्या नेमथच्या गुडघ्यासाठी. माझ्या अंगावर येऊन येऊन कोण येणार? फार तर माझा जोडीदार!

साध्या नी-कॅपची कुळकथा निराळी आहे. १९३० मध्ये ड्यूपॉन्ट कंपनीच्या प्रयोगशाळेत निओप्रीन हे कृत्रिम रबर तयार झालं. पन्नाशीच्या दशकात त्याचे पाणबुड्यांसाठी उबदार पोशाख झाले. मग १९७८ साल उजाडलं. त्या वर्षी अमेरिकन ओपन स्पर्धा न्यूयॉर्कच्या फ्लशिंग मेडोजमध्ये कठीण कोर्टावर गेली. १९७४ पर्यंत ती गवतावर आणि मधली तीन वर्षं मातीवर झाली होती. त्याच वर्षी देशाच्या दुसऱ्या टोकाला, कॅलिफोर्नियातल्या कार्ल्सबाडमध्ये, मार्क नॉर्डक्विस्ट हा माजी फुटबॉलपटू आणि केन रीड हा वकील यांनी एका गॅरेजात निओप्रीनचे पट्टे बनवायला सुरुवात केली. डोना आणि जॉय या बायकांच्या नावांवरून कंपनीचं नाव ठेवलं ‘डॉनजॉय’. दोन्ही घटना एका वर्षात घडल्या हा योगायोग. पण मला त्यात एक अर्थ दिसतो. कठीण कोर्टावर पाय सरकत नाही, जागच्या जागी थांबतो आणि तो धक्का गुडघा घेतो. पुढे १९८८ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपननेही गवत सोडलं. आमच्या गावानेही माती सोडली, जरा उशिरा इतकंच.

निओप्रीनची नी-कॅप मुख्यतः दोन कामं करते. एक म्हणजे ऊब धरते. अम्मी गुडघ्याला एरंडाचं पान शेकून फडक्याने बांधायची, तिला हे ठाऊक होतं. दुसरं काम सूक्ष्म आहे. त्वचेवरच्या दाबामुळे गुडघा कुठे आहे, किती वाकला आहे, याची खबर मेंदूला अधिक नेमकी पोचते. झिजलेल्या गुडघ्यात ही जाणीव मंदावते आणि नुसत्या लवचीक बँडेजनेही ती सुधारते, असं १९९१ मध्ये ब्रिटिश डॉक्टरांना आढळलं. म्हणजे नी-कॅप गुडघ्याला पेलत नाही, ती त्याला सावध ठेवते.

मग पट्टा बांधला की दुखापत टळते का? याचा निकाल सरळ नाही. १९८४ मध्ये अमेरिकेतल्या अस्थिशल्यचिकित्सकांच्या संघटनेने पट्ट्यांचे तीन वर्ग पाडले. दुखापत होऊ नये म्हणून, शस्त्रक्रियेनंतर बरं होताना आणि सैल झालेला गुडघा सावरायला. पहिल्या वर्गाबद्दल वाद पेटला. कॉलेजच्या फुटबॉलपटूंच्या, १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत पट्टा वापरणाऱ्यांनाच जास्त दुखापती झाल्याचं दिसलं. १९९० मध्ये वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीतल्या अभ्यासाने नेमकं उलट सांगितलं. म्हणून पट्ट्याला कवच समजू नये.

हे सगळं वाचून झाल्यावर मी जे आधी करायला हवं होतं ते केलं. हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी गुडघा वाकवून, ओढून, दाबून पाहिला. ‘‘लिगामेंट शाबूत आहेत. वाटीमागे झीज आहे आणि मांडीचा स्नायू अशक्त आहे. हा लोखंडी दागिना काढून ठेवा,’’ ते म्हणाले. मग त्यांनी जे समजावलं, ते थोडक्यात असं. वाटी दुखत असेल तर वाटीच्या जागी भोक असलेली नी-कॅप. भोकाभोवतीची जाड कड वाटीला जागेवर ठेवायला मदत करते. वाटीखालची शीर, म्हणजे टेंडन, दुखत असेल तर तिथे अरुंद पट्टी. गुडघा दगा देत असेल, लिगामेंट सैल असेल, तर बिजागरीवाला. झीज एकाच बाजूला असेल तर भार दुसरीकडे वळवणारा खास ब्रेस. माप अंदाजाने घ्यायचं नाही, डब्यावर दिलेल्या जागी टेपने घ्यायचं. पट्टा बांधून पाय बधिर होता कामा नये, कातडीला पुरळ उठली तर तो वापरू नये. आणि गुडघा अडकत असेल, सुजत असेल, तर दुकानात जाण्याआधी दवाखाना गाठायचा.

२०२४ च्या विम्बल्डनमध्ये नोव्हाक जोकोविचच्या उजव्या गुडघ्यावरची राखाडी नी-कॅप आपण पाहिली असेल. जूनच्या सुरुवातीला पॅरिसमध्ये त्याच्या गुडघ्यातली गादी, म्हणजे मेनिस्कस, फाटली. ५ जूनला शस्त्रक्रिया झाली आणि १४ जुलैला तो अंतिम सामना खेळत होता. तो हरला, पण ऑगस्टमध्ये त्याच पॅरिसमध्ये त्याने ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं. आमच्या चौघांपैकी एकाने लगेच तसलीच नी-कॅप आणली. मी त्याला इतकंच म्हणालो, ‘‘त्या कापडाच्या आत शल्यविशारदाचं काम आहे आणि अख्ख्या आयुष्याची कमावलेली मांडी आहे. ती कुठल्या दुकानात मिळते?’’

मी आता भोकवाली नी-कॅप घालतो, फक्त खेळताना. रोज सकाळी खुर्चीवर बसून पाय सरळ उचलण्याचे व्यायाम करतो. महिनाभर काहीच जाणवलं नाही. तिसऱ्या महिन्यात सजद्यातून उठताना हात टेकावा लागला नाही. काही दिवशी अजून दुखतं. त्या दिवशी मी रांगेच्या टोकाला जाऊन खुर्चीवर बसतो आणि आता त्याची लाजही वाटत नाही. बिजागरीवाला पट्टा कपाटात आहे. परवा जोडीदाराने मागितला, ‘‘नाही तरी पडूनच आहे, द्या मला.’’ मी दिला नाही. आधी त्याला विचारलं, ‘‘तुमचं नेमकं दुखतंय कुठे?’’