जयंतीचा आठवडा

गिरणगावात सप्ताह दोन असायचे. एक हरिनामाचा, कोकणातल्या आणि घाटावरच्या भजनी मंडळींचा. दुसरा आमचा, एप्रिलातला. 11 तारखेला जोतिबांच्या जयंतीला नारळ न फोडता सुरू व्हायचा आणि 14 ला बाबासाहेबांच्या जयंतीला संपायचा, असं पत्रिकेत छापलेलं असे. प्रत्यक्षात तो 17-18 पर्यंत रेंगाळायचा. वक्ता दुसऱ्याच चाळीत गेलेला, लाइट गेलेली, नाहीतर पिक्चरची रिळं शिवडीत अडकलेली. गिरण्यांचा पगार 10 तारखेच्या आसपास व्हायचा, त्यामुळे वर्गणी मागायला महिन्यात याहून बरा मुहूर्त नव्हता, असं आजोबा म्हणत. दोन्ही महापुरुषांनी जन्माला येताना कामगाराच्या खिशाचा विचार केला, ही त्यांची आवडती कोटी.

आम्ही नायगावच्या बीडीडी चाळीतले. 1920 च्या दशकात सरकारने मुंबईत अशा 207 चाळी बांधल्या. तळमजल्यावर तीन मजले, प्रत्येक चाळीत 80 खोल्या, खोली 160 चौरस फुटांची. मधून अंधारी वाट, दोन्ही अंगांना दारं. गॅलरी नाही, म्हणून व्याख्यान ऐकायचं ते खिडकीतून. पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेचा उगम 1875 सालचा, न्यायमूर्ती रानड्यांचा. तिथला श्रोता ऐकायला म्हणून घरून निघतो, खुर्चीत बसतो. आमचा श्रोता वरून भाजी निवडत ऐकायचा, रातपाळीचा डबा घेऊन जाता जाता पाच मिनिटं थांबायचा आणि पटलं नाही तर खिडकीतूनच ओरडायचा. वक्ते बहुधा सिद्धार्थ कॉलेजची पोरं. इस्त्रीचा सदरा, हातात टिपणं. कर्णा खरखरला की त्यांना घाम फुटे.

चित्रपट दोन चाळींच्या मधल्या जागेत, दोरीला बांधलेल्या चादरीवर. समोरच्या चाळीला सुलटा दिसे, मागच्या चाळीला उलटा. आत्याचं घर मागच्या चाळीत. अत्र्यांचा 'महात्मा फुले' तिने लहानपणी तसाच पाहिला आणि जोतिबा डावखुरे होते अशी तिची कितीतरी वर्षं पक्की समजूत होती. 1954 सालच्या या चित्रपटाला राष्ट्रपतींचं रौप्यपदक मिळालं, आणि त्याचा मुहूर्त बाबासाहेबांच्या उपस्थितीत झाला होता. आजोबा म्हणत, त्या दिवशी आपण स्टुडिओच्या फाटकाबाहेर उभे होतो. आत्या म्हणते, काही नाही, दादा त्या दिवशी दिवसपाळीला होते, आईनेच मला सांगितलंय. आजोबा गेले, आजी गेली, आता हा खटला कायमचा पडून राहणार. माझा कल आजीकडे आहे. पण आजोबा फाटकाचं वर्णन फार छान करायचे.

व्याख्यान झालं की प्रश्न. ज्यांना लिहिता येई ते चिठ्ठी पाठवत, ज्यांना येत नसे ते उभे राहत. आजोबा उभे राहणाऱ्यांतले.

त्यांनी जन्म काढला त्रासनखात्यात, म्हणजे सूत कातायच्या बाजूला. कापड विणायचं ते साळखात्यात, आणि तिथला पगार बरा. पण धोट्यातली कांडी संपली की नवी घालून सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावं लागायचं. एका साळवाल्याच्या तोंडचा धोटा दुसऱ्याच्या तोंडी जायचा. महाराची उष्टी लाळ कोण तोंडात घेणार? एवढ्या एका ओल्या टोकासाठी आमच्या माणसांना साळखात्याचं दार बंद. 1928 च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हे दार उघडा अशी मागणी मांडली, तेव्हा आजोबा दहाएक वर्षांचे होते, गावाकडेच. पुढे गिरणीत लागले तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी जॉबरला विचारलं, साळखात्यात जागा आहे का? जॉबर हसला. ते हसू आजोबा आम्हाला करून दाखवत, ओठ न उघडता, नाकातून.

आता 1982 चं सांगतो. 18 जानेवारीला संप सुरू झाला, डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर. एप्रिल उजाडला तेव्हा चाळ निम्मी गावाला गेलेली. राहिलेल्यांकडे उधारीचं वाण. सप्ताह करायचा की नाही यावर पंच रात्रभर भांडले. शेवटी मंडप नाही, पिक्चर नाही, गोडाचं जेवण नाही, फक्त भाषणं असं ठरलं. वर्गणी म्हणून कुणी मूठभर तांदूळ दिले, कुणी काड्यापेटी. 13 तारखेच्या वक्त्याला कामगार-एकजुटीवर बोलायला बोलावलं होतं. माणूस तयारीचा. मुठी आवळून, आवाज चढवून तासभर बोलला, आणि खरं सांगायचं तर चांगलं बोलला. टाळ्या थांबल्यावर आजोबा उठले. निवृत्त होऊन चारेक वर्षं झाली होती, कुणाला वाटलं आभार मानतील.

ते म्हणाले, "साहेब, आपण सगळे एक, हे मला मान्य. संपाला माझा पोरगा बसलाय. मला एवढंच सांगा, तुमच्या साळखात्यात आमची किती माणसं होती?"

वक्ता म्हणाला, तो काळ गेला, आता हाताने सूत ओवतात. आजोबा म्हणाले, "हात कधी आला ते नाही विचारलं. माणसं विचारली." वक्ता वर्गलढ्यावर आला. आजोबा उभेच. आजी खिडकीतून खुणावत होती, बसा. मी सात वर्षांचा होतो, मला त्यांची लाज वाटत होती. पण लक्षात राहिलं ते पुढचं. वक्ता थांबला, पाणी प्याला आणि म्हणाला, मला आकडा माहीत नाही, मी काढून आणतो. मग दुसऱ्या एका माणसाने उभं राहून आपल्या गिरणीतली परिस्थिती सांगितली, तिसऱ्याने त्याला खोटं पाडलं, आणि रात्री एकपर्यंत साळखात्याचा इतिहास त्या जमिनीवर बसून तोंडी लिहिला गेला. आकडा घेऊन तो वक्ता काही परत आला नाही. संपच विरून गेला.

आत्याकडे 1974 ची आठवण आहे, पण ती देत नाही. त्या जानेवारीत वरळीच्या बीडीडीत दलित पँथरच्या सभेनंतर दंगल पेटली, पुढे परळच्या मोर्चावर इमारतीवरून टाकलेल्या दगडाने भागवत जाधव गेला. "त्या एप्रिलला पत्रिकेवर कोणाचं नाव आधी यावर भांडलो नाही," एवढंच ती म्हणते.

तिचं स्वतःचं भांडण निराळं. महिला मेळावा नेहमी 12 तारखेला, दुपारी तीनला. म्हणजे शाळेतून पोरं यायची आणि दुसऱ्या पाळीच्या डब्याची वेळ. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं 'आम्हीही इतिहास घडवला' 1989 साली आलं. ते हातात घेऊन ती पंचांपुढे गेली: यातल्या बायकांनी परिषदा भरवल्या, आणि तुम्ही आम्हाला उन्हात बसवता? दोन वर्षांनी रात्री आठची वेळ मिळाली. पंचांनी त्या वर्षी स्वयंपाक केला, अशी दंतकथा आहे. वरण करपल्याचं मात्र खरं.

आनंद पटवर्धनांचा 'जय भीम कॉम्रेड' आमच्याकडे दाखवला तेव्हा ती पहिल्यांदा सुलट्या बाजूने बसली. 11 जुलै 1997 ला घाटकोपरच्या रमाबाईनगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण गेले, काही दिवसांत शाहीर विलास घोगरेंनी जीव दिला. तिथून सुरू झालेला हा चित्रपट पुरा व्हायला 14 वर्षं लागली, चालतो तीन तासांहून जास्त. रात्री दहाचा नियम, म्हणून दोन दिवसांत दाखवला. चर्चा तिसऱ्या दिवशी ठेवली आणि तिला जास्त गर्दी झाली.

अलीकडे आठवडा आटलाय. डीजेची रात्र, सत्काराची रात्र, आमदारांची रात्र. गाण्यावर माझा राग नाही. वामनदादा कर्डकांच्या गाण्यांसाठीच आमची निम्मी चाळ भाषणं सहन करायची. पण भाषण संपताच सूत्रसंचालक शाल मागवतो, हे मला खुपतं. प्रश्नाला जागाच ठेवलेली नाही.

पुनर्विकास सुरू आहे, 160 चे 500 चौरस फूट होणार, आणि चाळीतली माणसं टॉवरच्या लॉबीत भेटणार. आत्याला घर हवंय, संडास आत असलेलं घर तिला तीस वर्षांपूर्वीच हवं होतं. पण आमदारांच्या रात्रीसाठी तिने जुन्या वहीचे कोरे कागद फाडून चिठ्ठ्या केल्यात. पहिली तिने स्वतःच लिहिलीय: नव्या आवारात सोसायटी चादर बांधू देणार का, आणि सभेला पैसे पडणार का? सूत्रसंचालकाने चिठ्ठ्या शेवटी घेऊ म्हटलंय. तिने त्याला विचारलंय, शालीच्या आधी की नंतर?