तुटलेली लाईन आणि अर्धी फाईल

'डाउनलोड मॅनेजर' हा शब्द आजच्या कॉलेजातल्या मुलांपुढे उच्चारला तर त्यांना ते एखाद्या ऑफिसातल्या हुद्द्याचं नाव वाटेल. आमच्या पिढीने मात्र हा प्रोग्राम आधी बसवला आणि मग बाकीचं महाजाल पाहिलं. त्याचं काम एकच. मोठी फाईल आणायची, मध्ये लाईन तुटली तर आलेला भाग जपून ठेवायचा आणि पुन्हा जोडणी झाली की तिथूनच पुढे सुरू करायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण त्यामागे मोठा इतिहास आहे, आणि तो बराचसा घरी बसून प्रोग्राम लिहिणाऱ्यांचा आहे.

आधी थोडं गणित मांडतो (शाळामास्तराची खोड, जात नाही). ५६ के मोडेमवर प्रत्यक्षात सेकंदाला ४ ते ५ किलोबाइट मिळाले तर नशीब चांगलं. म्हणजे १० एमबीच्या फाईलला पाऊण तास आणि ६५० एमबीच्या एका सीडीला ४६ तास! एवढ्या वेळात दुसऱ्या खोलीत कुणी एक्स्टेन्शनचा फोन उचलला की खेळ खलास. त्या काळच्या ब्राउझरवर भरवसा नसे. बहुतेक वेळा पुन्हा श्रीगणेशा.

तुटक्या लाईनीचा प्रश्न महाजालाहून जुना आहे. शिकागोच्या वॉर्ड ख्रिस्तेन्सेन यांनी १९७७ साली फोनवरून फाईल पाठवण्यासाठी 'एक्समोडेम' नावाची पद्धत लिहिली. फाईलचे १२८ बाइटांचे गठ्ठे करायचे, प्रत्येक गठ्ठ्याबरोबर त्याची बेरीज पाठवायची. घेणाऱ्याने बेरीज ताडून पाहायची. जुळली तर 'मिळालं', नाही तर 'पुन्हा पाठवा'. गोदामात पोती मोजून घेणारा कारकून असतो ना, तसंच. पण फोनच बंद पडला तर सगळं पहिल्यापासून. ही अडचण चक फोर्सबर्ग यांच्या १९८६ सालच्या 'झेडमोडेम'ने सोडवली. त्यात अर्धी राहिलेली फाईल पुढे चालू करण्याची सोय होती.

वेब आलं तेव्हा मात्र हे शहाणपण त्यात सुरुवातीला नव्हतं. जानेवारी १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एचटीटीपी १.१ च्या नियमावलीत ते आलं. 'मला अमुक बाइटापासून पुढचं द्या' असं मागता येऊ लागलं आणि सर्व्हर ती मागणी मान्य करताना '२०६' हा आकडा पाठवू लागला. ४०४ हा आकडा सगळ्यांना ठाऊक आहे, कारण तो नकाराचा आहे. २०६ कुणालाच ठाऊक नाही, आणि त्याने तर लाखो लोकांचे तास वाचवले.

आता ज्या घरगुती प्रोग्रामबद्दल मला सांगायचंय त्याकडे येतो. १९९५ च्या अखेरीस क्रोएशियातल्या ह्रवोये निक्शिच या तरुणाने एक छोटा प्रोग्राम लिहायला घेतला. नाव ठेवलं 'गेटयूआरएल'. पुढे कळलं की अमिगा संगणकासाठी याच नावाचा प्रोग्राम आधीच कुणीतरी लिहिलेला आहे. तेव्हा १९९६ मध्ये नाव बदलून 'डब्ल्यूगेट' झालं. ज्या देशातलं युद्ध त्याच १९९५ साली थांबत होतं, तिथे एक मुलगा लाईन तुटली तर काय करायचं याचा विचार करत बसला होता, याचं मला फार अप्रूप वाटतं.

डब्ल्यूगेटला खिडक्या नाहीत, बटणं नाहीत. एका ओळीचा हुकूम लिहायचा आणि सोडून द्यायचं. जोडणी तुटली की तो आपणहून पुन्हा प्रयत्न करतो. वेगळं काही सांगितलं नाही तर २० वेळा. पण पत्ताच चुकीचा असेल, फाईलच तिथे नसेल, तर उगाच दार ठोठावत बसत नाही. पुनःपुन्हा अपयश आलं तर आधी १ सेकंद, मग २ सेकंद, अशी थांबण्याची वेळ वाढवत जाण्याचीही त्यात सोय आहे. समोरच्या सर्व्हरला श्वास घेऊ देणारा हा संयम मला फार आवडतो.

पण असा प्रोग्राम नीट चालतो की नाही हे कसं तपासायचं? घरी प्रोग्राम लिहिणाऱ्याकडे संगणक एक आणि लाईनही एक. ती चांगली असेल तर प्रोग्रामची खरी परीक्षा होतच नाही. म्हणून कच्ची आवृत्ती, जिला बीटा म्हणतात, ती लोकांना वापरायला द्यायची आणि ती कुठे मोडते ते त्यांच्याकडून ऐकायचं. अशा चाचणीत उत्तम लाईनवाला माणूस फारसा उपयोगाचा नाही. ज्याची लाईन दर दहा मिनिटांनी तुटते तो खरा परीक्षक.

डब्ल्यूगेटच्या माहितीपुस्तिकेत दोष कसा कळवावा याचं एक प्रकरण आहे. त्याचा मथितार्थ असा: प्रोग्राम कोसळला तर तो दोष. पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे वागला नाही तर तोही दोष. कळवण्याआधी तीच चूक कमीत कमी गोष्टी वापरून पुन्हा घडते का ते पाहा, आणि प्रोग्रामने टप्प्याटप्प्याने काय केलं त्याची नोंद सोबत पाठवा. मी वर्गात वर्षानुवर्षं हेच सांगत आलो. 'सर, काहीच समजलं नाही' या वाक्याने शिक्षकाला काही करता येत नाही. 'तिसऱ्या पायरीपर्यंत आलं, चौथी कुठून आली कळेना' म्हणणारा मुलगा स्वतः शिकतो आणि शिक्षकालाही शिकवतो.

त्याच पुस्तिकेत एक प्रांजळ इशाराही आहे. आपल्याकडे असलेला अर्धा भाग सर्व्हरवरच्या फाईलचाच आहे याची खात्री डब्ल्यूगेटला करता येत नाही. मधल्या काळात तिकडची फाईल बदलली, तर जुनं डोकं आणि नवं धड जोडलं जातं! काही मधले सर्व्हर जोडणी तुटल्यावर 'पाठवणी खंडित' अशा अर्थाचा मजकूर त्या अर्ध्या फाईलमध्येच चिकटवून देत, त्याचाही उल्लेख आहे. असली गोष्ट टेबलाशी बसून कुणाला सुचेल? ती वापरणाऱ्यांच्या अनुभवातूनच कळते.

पुढे काळ बदलला. २ जीबीपेक्षा मोठ्या फाईली आल्या आणि जुना हिशेब अपुरा पडला, तेव्हा २००५ मधल्या १.१० आवृत्तीत तीही दुरुस्ती झाली. निक्शिच यांच्यानंतर वेगवेगळ्या लोकांनी हे काम सांभाळलं आणि २०२१ मध्ये नव्याने लिहिलेला डब्ल्यूगेट-२ आला. पुस्तिकेच्या शेवटी दोष कळवणाऱ्यांची आणि दुरुस्त्या पाठवणाऱ्यांची भली मोठी नामावळी आहे. मूळ प्रोग्राम एकाने लिहिला, पण तो टिकला तो या अनोळखी लोकांमुळे.

कुणी म्हणेल, आता फायबर आलं, या जुन्या गोष्टी कशाला उगाळायच्या? मला २०२० साल आठवतं. शाळा बंद झाल्या, वर्ग मोबाईलवर आले आणि कोकणातली काही मुलं रेंज मिळावी म्हणून डोंगरावर जाऊन बसली. त्यांच्यापुढे चालू असलेला धडा मध्येच तुटला की तेवढा तुकडा गेलाच. राहिलेलं मागून घ्यायची सोय त्या थेट वर्गात नव्हती. तोच धडा छोट्या फाईलच्या रूपाने ठेवला असता तर मुलांनी तो रात्री, रेंज येईल तसा, तुकड्यातुकड्याने उतरवून घेतला असता. हे तंत्र तेव्हाच निदान ३४ वर्षं जुनं होतं. कमी पडला तो विचार. ज्यांनी ती व्यवस्था उभी केली त्यांच्या लाईनी बहुधा चांगल्या होत्या.

असो. माझं म्हणणं एवढंच आहे की पुढच्या वेळी मुलांसाठी असं काही बनवाल तेव्हा त्याची पहिली चाचणी शहरातल्या ऑफिसात घेऊ नका. ते आधी त्या डोंगरावरच्या मुलीच्या हातात द्या, आणि कुठे तुटलं ते तिला विचारा.