मिराविर्सेन

मिराविर्सेन : हेपटायटिस-सी या यकृतरोगावरील प्रायोगिक औषध. मायक्रोआरएनए रोखणाऱ्या औषधांपैकी माणसांवर चाचणी झालेले हे पहिले. डेन्मार्कच्या सांतारिस फार्मा कंपनीने ते घडवले; ही कंपनी २०१४ मध्ये रॉशने विकत घेतली.

मायक्रोआरएनए हे सुमारे २२ न्यूक्लिओटाइडांचे तुकडे संदेशवाहक आरएनएला चिकटून प्रथिननिर्मिती दाबतात. गोलकृमीतील पहिल्या तुकड्याचे काम १९९३ मध्ये उलगडणारे व्हिक्टर अँब्रॉस व गॅरी रव्हकुन यांना २०२४ चे नोबेल मिळाले. यकृतपेशींत मिर-१२२ याच तुकड्याचे राज्य असते. तेथील मायक्रोआरएनएपैकी जवळपास ७० टक्के तोच. हेपटायटिस-सीच्या विषाणूशी मात्र त्याचे नाते उलटे आहे. विषाणूच्या आरएनएच्या सुरुवातीच्या टोकाशी तो दोन जागी बसतो, आणि ते टोक पेशीतील विकरांच्या तावडीतून वाचते. हे अवलंबित्व २००५ मध्ये उघड झाले. मिराविर्सेन हा विकरांना सहज न तुटणारा, १५ न्यूक्लिओटाइडांचा कृत्रिम तुकडा मिर-१२२ ला घट्ट धरून ठेवतो आणि विषाणूची ढाल काढून घेतो.

चिंपांझींवरील यशानंतर ३६ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्वचेखाली आठवड्याला एक अशी पाच इंजेक्शने. मात्रा किलोमागे ३, ५ किंवा ७ मिलिग्रॅम. मात्रेनुसार विषाणू घटत गेला आणि ७ मिलिग्रॅमच्या गटातील चौघांच्या रक्तात तो काही काळ सापडेनासा झाला. त्याच वर्षाअखेर हेपटायटिस-सीवरील सोफोसबुव्हिर या गोळीला अमेरिकेत मान्यता मिळाली. गोळीने रोग बरा होऊ लागल्यावर इंजेक्शनाची वाट कोण पाहणार? म्हणून मिराविर्सेन बाजारामुळे हरले, कल्पना सिद्धच आहे, असे म्हटले जाते. यातला पहिला भाग मान्य करता येतो, दुसरा नाही. येथे मायक्रोआरएनए परक्या विषाणूच्या एका ठरावीक टोकावर काम करत होता. तेवढे तोडले की परिणाम दिसणारच. कर्करोगात किंवा तंतुमयतेत एकच मायक्रोआरएनए शेकडो जनुकांना हात लावतो. मिराविर्सेन घेणाऱ्यांचे कोलेस्टेरॉलही उतरले, म्हणजे अनुकूल प्रकरणातही धक्का लक्ष्यापुरता राहिला नाही. मिर-३४ ची कृत्रिम प्रत असलेल्या एमआरएक्स-३४ ची कर्करोगावरील चाचणी प्रतिकारसंस्थेच्या तीव्र प्रतिक्रियांमुळे २०१६ मध्ये थांबवावी लागली. रेग्युलस कंपनीचे आरजी-१०१ तर मिर-१२२ वरच होते, यकृतात नेमके पोहोचावे म्हणून त्याला साखरेची जोड दिलेली होती. त्याची चाचणी कावीळ आढळल्याने रोखली गेली. या घटना औषध पेशींत नेणाऱ्या वाहकाच्या किंवा रेणूच्या दोषावर टाकता येतात, आणि काही अंशी ते खरेही असावे. तरीही लक्ष्याची व्याप्ती हा प्रश्न त्याने सुटत नाही.



याउलट, एकाच जनुकाचा संदेश तोडणाऱ्या लघु आरएनए-औषधांपैकी पाटिसिरानला २०१८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. मायक्रोआरएनएला लक्ष्य करणाऱ्या एकाही औषधाला ती अद्याप मिळालेली नाही.