कारणाचा रकाना : गांजा, उन्माद आणि वसाहतकालीन नोंदींचे वाचन

जबलपूर जिल्ह्यातील पाटन ही आज हिंदीभाषक तहसील आहे. परंतु जबलपूरचा मुलूख १७९८ ते १८१७ या काळात नागपूरकर भोसल्यांच्या अंमलाखाली होता आणि १८६१ मध्ये स्थापन झालेल्या मध्यप्रांतात जबलपूर व नागपूर पुन्हा एका प्रशासनात आले. या प्रांतातील वेड्यांची दोन इस्पितळे याच दोन शहरांत होती. पाटनकडचा हिंदी बोलणारा रुग्ण असो वा वर्ध्याकडचा मराठी बोलणारा, त्याचा उन्माद अखेर इंग्रजी नोंदवहीत, ‘कारण’ या रकान्यात बंद होई. हा रकाना एक संहिता म्हणून वाचता येतो, हे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे.

१८९३ मध्ये हिंदुस्थान सरकारने गांजा, भांग व चरस यांच्या चौकशीसाठी डब्ल्यू. मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. आयोगाने ११९३ साक्षी नोंदविल्या. मात्र त्याचे सर्वांत मौलिक कार्य इस्पितळांच्या नोंदींच्या फेरतपासणीचे आहे. १८९२ मध्ये देशभरातील इस्पितळांत दाखल झालेल्या १३४४ रुग्णांपैकी २२२ जणांच्या उन्मादाचे कारण गांजादी पदार्थ असे लिहिले होते. प्रत्येक प्रकरणाची पुन्हा चौकशी केल्यावर ही संख्या ९८ वर आली आणि त्यांतही ३७ प्रकरणांत अन्य कारणे मिसळलेली होती. रुग्णासोबत येणारा कागद पोलीस वा दंडाधिकारी यांच्याकडून येई. मनुष्य गांजा ओढतो एवढे कळले, की सवय हेच कारण ठरे. निराधार भटक्याच्या बाबतीत त्याचे पूर्वायुष्य सांगणारे कोणीच नसे. रिकामी राहिलेली कथा लेखनिक एका शब्दाने पूर्ण करी.

या एका शब्दाखाली किती भिन्न शारीरिक व्यापार दडत, हे आज अधिक स्पष्ट दिसते. गांजातील मुख्य मादक द्रव्याची रचना १९६४ मध्ये निश्चित झाली. मेंदूतील ज्या ग्राहींवर ते कार्य करते, त्यांवर शरीरातच निर्माण होणारे एक द्रव्यही कार्य करते. १९९२ मध्ये त्याचे नाव संस्कृत ‘आनंद’ या शब्दावरून ठेवले गेले. या क्रियेमुळे काळ लांबल्यासारखा वाटतो, नुकतेच घडलेले निसटते, नाडी जलद होते, डोळे लाल होतात. धोतऱ्याचा मार्ग वेगळा. त्यातील द्रव्ये अ‍ॅसिटिलकोलीन या चेतासंदेशवाहकाला अडवितात. बाहुल्या विस्फारतात, तोंड कोरडे पडते, समोर नसलेल्या माणसांशी संभाषण सुरू होते आणि पुढे त्यातले फारसे आठवत नाही. गांजात धोतरा मिसळला जाई, हे आयोगालाही ठाऊक होते. अशा मिश्रणाचा बळी स्वतःच्या अवस्थेचा साक्षीदारच राहत नाही. त्याची कथा दुसराच सांगतो.

आयोगाने १८९४ च्या अहवालात मर्यादित सेवन मनास अपायकारक नाही, अतिसेवन मात्र उन्मादास कारण होऊ शकते, विशेषतः मूळ प्रवृत्ती असल्यास, असा निष्कर्ष काढला. या निष्कर्षावर निःशंक विसंबता येणार नाही. गांजावरील कराचे उत्पन्न सरकारला मिळत होते. शिवाय कोवळ्या वयातील नित्य सेवन आणि तीव्र मादकतेचा गांजा यांमुळे मनोविकृतीचा धोका वाढतो, असे अलीकडचे संशोधन दाखविते. तरीही आयोगाची वाचनपद्धती टिकाऊ ठरते. तिने नोंदीला पुरावा न मानता विधान मानले आणि हे विधान कोणी, कोणाविषयी, कशाच्या आधारे केले, असे विचारले.

तौलनिक साहित्याभ्यासात आपण संहितेला हेच प्रश्न विचारतो. इस्पितळाच्या वहीत त्यांचे मोल अधिक होते; कारण तेथे चुकीच्या वाचनाने एका जिवंत माणसाचे चरित्र एका शब्दात संपत असे.