सामरी, काका आणि इगतपुरीचं धुकं

परवा इगतपुरीला जाऊन आलो. जुलै महिना, त्यामुळे धुकं असं की समोरच्या माणसाचं तोंड दिसू नये. बारा बंगल्याच्या रस्त्याला धुक्यातून एक उंच आकृती हळूहळू पुढे येताना दिसली आणि माझ्या तोंडून आपसूक निघालं, "सामरी!" जवळ आल्यावर कळलं, रेनकोटाची टोपी चढवलेला रेल्वेचा ट्रॅकमन होता बिचारा.

ज्यांना सामरी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. तुलसी आणि श्याम रामसे या भावांनी दिग्दर्शित केलेला 'पुराना मंदिर' १९८४ साली आला. त्यातला सैतान म्हणजे सामरी. राजाने त्याचं मुंडकं धडावेगळं करून दोन ठिकाणी ठेवलेलं, आणि त्याच्या शापाने राजघराण्यातली प्रत्येक सून-लेक बाळंतपणात मरणार, अशी गोष्ट. हे काम करणारे अनिरुद्ध अगरवाल रुडकीला शिकलेले इंजिनिअर! त्यांच्या उंचीला आणि चेहऱ्याला मेकअप तसा थोडाच लागला असेल.

आम्ही तो पाहिला व्हिडीओवर. वर्गणी काढून एका रात्रीसाठी व्हीसीआर आणि रंगीत टीव्ही भाड्याने आणायचा आणि ओळीने तीन सिनेमे बघून पहाटे डोळे चोळत उठायचं. 'पुराना मंदिर' नेहमी मधला, म्हणजे बरोबर मध्यरात्री. (केवळ प्रौढांसाठी वगैरे प्रमाणपत्र आमच्या चाळीत कोणी वाचत नसे.) एकदा ऐन सामरीच्या वेळेला लाईट गेली. पत्र्यावर पावसाचा आवाज, आत मिट्ट काळोख, पंचवीस माणसं चिडीचूप. आणि कोपऱ्यातून एक किंकाळी! ती होती काकांची. नंतर सगळे दहा मिनिटं हसत होते.

काका मालगाडीवर गार्ड होते. मला तेव्हाही नवल वाटायचं. हा माणूस रात्र रात्र गाडीच्या शेवटच्या डब्यात एकटा बसतो. घाटात गाडी अडकली तर हातात बत्ती घेऊन मागे चालत जातो, रुळावर फटाके लावतो. त्याला रबराच्या सैतानाची भीती वाटते?

रबराचा हे मात्र खरं. रामसे मंडळींकडे पैसा नव्हताच. वडील फत्तेचंद रामसिंघानी, मूळचे कराचीचे. तिथे रेडिओचं दुकान होतं. इंग्रज गिऱ्हाइकांना नाव उच्चारता येईना म्हणून रामसे झाले म्हणतात. फाळणीनंतर मुंबईत लॅमिंग्टन रोडवर पुन्हा दुकान टाकलं. सिनेमाच्या नादात हात पोळले. १९७० सालचा 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' पडला, पण मुलांच्या एक लक्षात आलं. अक्राळविक्राळ मुखवटा घालून चोरी करायला आलेले पृथ्वीराज कपूर दिसतात त्या प्रसंगाला पब्लिक खूश होतं, आणि तो संपला की उठून जातं. मग भावांनी ठरवलं, आपण फक्त हेच करायचं.

सात भाऊ. कुमार लिहिणार, गंगू कॅमेऱ्यामागे, किरण आवाज सांभाळणार, अर्जुन संकलन करणार. १९७२ च्या 'दो गज जमीन के नीचे'साठी सगळं बिऱ्हाड बसमध्ये घालून महाबळेश्वरला नेलं. राहायला सरकारी विश्रामगृह, स्वयंपाकाला घरच्याच बायका. खर्च सुमारे साडेतीन लाख. सिनेमा कसला, सत्यनारायणाच्या पूजेसारखं घरचं कार्यच ते!

त्याआधी हिंदीत भुताचे सिनेमे नव्हते असं नाही. 'महल' (१९४९) आहे, 'बीस साल बाद' (१९६२) आहे, 'वह कौन थी' (१९६४) आहे. उत्तम आहेत. पण शेवटी कळतं की भूत नव्हतंच, कोणीतरी माणूसच खेळ करत होता. सामरी मात्र शेवटपर्यंत खराच असतो. आणि त्याच्यापुढे विलायती क्रॉसऐवजी त्रिशूळ. घाटनदेवीला नमस्कार केल्याशिवाय घाट न उतरणाऱ्या गावाला हे समजावून सांगावं लागलं नाही. शिवाय धुकं, पाऊस, साहेबाच्या काळातले बंगले हे सगळं आमच्याकडे फुकट होतं. हवेलीतला करकरणारा दरवाजा आम्हाला सेट वाटायचाच नाही. तसा दरवाजा शेजारी होता.

आता जरा अवघड भाग.

पुण्याला कॉलेजात गेल्यावर मी फिल्म क्लबात जाऊ लागलो. जपानी, स्वीडिश, काय काय पाहिलं. दिवाळीत एक मित्र घरी आला होता. काकांनी मोठ्या हौसेने त्याला विचारलं, "पुराना मंदिर पाहिलास का रे?" मी मित्राकडे बघून हसलो आणि म्हणालो, "काका, अहो ते रबराचे मुखवटे! त्याला काय सिनेमा म्हणतात?" काका "बरं" म्हणाले. त्यानंतर माझ्याशी सिनेमाबद्दल ते कधीच बोलले नाहीत. मीही विषय काढला नाही. ते जाऊन आता अकरा वर्षं झाली.

परवा काकूला हे सगळं सांगितलं. तिला तो प्रसंग आठवतही नव्हता. मी विचारलं, "काकांना खरंच भीती वाटायची का गं?"

"भीती कसली? सगळा पाठ होता त्यांना. तरी दर वेळी त्याच जागी ओरडायचे. एकदा मी रागावले, तर म्हणाले, ड्युटीवर भीती वाटली तरी ओरडायचं कोणापुढे? इथे सगळे असतात."

थोडं थांबून ती म्हणाली, "मोबाईलवर मिळतो ना आता? लाव की."

लावला. फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला. एवढ्याशा पडद्यावर सामरी आला, काकूने पदर तोंडाला लावला, मीही वाट बघत होतो. पण दोघेच होतो. ओरडलं कोणीच नाही.

"जरा थांबव," काकू म्हणाली, "दूध ठेवलंय गॅसवर."